दूर पल्ल्याचे बिनतारी दुवे आणि मधली वाट

दोन ठिकाणांमध्ये तार न ओढता रेडिओ लहरींच्या आधारे आवाज, चित्र किंवा संगणकीय माहिती पोचवणाऱ्या व्यवस्थेला बिनतारी दुवा किंवा व्यवहारातल्या शब्दात ‘लिंक’ म्हणतात, आणि दोन टोकांमधले अंतर काही किलोमीटरांच्या पुढे गेले की तो दूर पल्ल्याचा दुवा ठरतो. असा दुवा नीट चालला नाही की दोष सहसा अंतराला किंवा यंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात अंतराने होणारी घट ही सगळ्यांत प्रामाणिक घट आहे. ती कागदावर आधी मांडता येते आणि ऋतू बदलला म्हणून बदलत नाही. दुव्याची कामगिरी ठरवतात ते मधल्या वाटेवरचे घटक, म्हणजे जमिनीचा उंचवटा, हवेचे थर, पाणी, झाडी, पाऊस आणि इतरांचे प्रक्षेपण. हे घटक तासागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून त्यांचा आढावा अंतराच्या हिशोबापेक्षा अधिक सविस्तर घ्यावा लागतो.

इतिहासातही अंतराची भीती लवकर ओसरली होती. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी याने इंग्लंडमधील पोल्धू येथून निघालेला संकेत सुमारे ३,४०० किलोमीटरवरच्या न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे जाहीर केले, तेव्हा सरळ जाणारी लहर पृथ्वीची गोलाई ओलांडून कशी गेली हा प्रश्न उभा राहिला, आणि वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचा परावर्तक थर असला पाहिजे, असे उत्तर पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी सुचवले. हाच आयनांबर होय. १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे प्रक्षेपण केंद्र आणि दौंड येथे ग्रहण केंद्र उभारून भारत व ब्रिटन यांच्यात लघुलहरींची ‘बीम’ तारसेवा सुरू झाली, तीही याच थराच्या भरवशावर. अशा दुव्याची कामगिरी दिवस-रात्र, ऋतू आणि सूर्यावरील डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र यांवर अवलंबून असते. दिवसा आयनांबराचा खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो, तर सौरज्वाळेनंतर उजेडाच्या बाजूवरचे लघुलहरींचे दळणवळण काही काळ जवळपास बंद पडू शकते. जहाजे, संरक्षण दले आणि हौशी रेडिओचालक यांच्यासाठी हा विषय आजही जिवंत आहे. मात्र माहितीचा मोठा ओघ वाहण्याचे काम आता सूक्ष्मलहरींकडे, म्हणजे साधारणपणे १ गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींकडे आले आहे, आणि त्या आयनांबरावरून परत न येता जवळजवळ दृष्टिरेषेतच चालतात. पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

हिशोबासाठी ४० किलोमीटर लांबीचा आणि ५.८ गिगाहर्ट्झ वारंवारतेचा एक नमुना-दुवा डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरेल, ज्याचे एक टोक डोंगरमाथ्यावर आणि दुसरे सपाटीवरच्या गावात आहे. रेडिओच्या व्यवहारात शक्तीची वाढ-घट डेसिबलमध्ये सांगतात. ३ डेसिबल म्हणजे साधारण दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट, आणि गुणाकार-भागाकारांच्या जागी नुसती बेरीज-वजाबाकी पुरते. मोकळ्या अवकाशात लहर पसरत जाते म्हणून होणारी घट अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल जातात, अंतर पूर्वी कितीही असले तरी. नमुना-दुव्यासाठी ही घट सुमारे १४० डेसिबल भरते. जास्त वारंवारतेला जास्त घट होते असे पाठ्यपुस्तकी सूत्र सांगते खरे, पण ते सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करणारी काल्पनिक अँटेना धरून मांडलेले असते. दोन्ही टोकांना त्याच आकाराच्या डिश ठेवल्या तर वाढत्या वारंवारतेबरोबर डिशची एकवटण्याची ताकद इतकी वाढते की मोकळ्या अवकाशात उलट फायदाच होतो. सूत्र वापरताना हा भेद विसरला गेल्याने अनेक चुकीचे निष्कर्ष निघतात.

६० सेंटिमीटर व्यासाची डिश ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे २९ डेसिबल लाभ देते, म्हणजे ठरलेल्या दिशेने शक्ती जवळजवळ आठशे पटींनी एकवटते, आणि त्या झोताची रुंदी फक्त ६ अंशांच्या आसपास राहते. भारतात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा परवान्यातून मुक्त झाला, तरी अशा पट्ट्यात डिशच्या लाभासह बाहेर पडणाऱ्या शक्तीला मर्यादा असते. ती ४ वॅट धरली तर प्रक्षेपणाच्या बाजूला ३६ डीबीएम, म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत ३६ डेसिबल अधिक, एवढेच भांडवल हाती उरते. त्यातून १४० वजा करून समोरच्या डिशचे २९ मिळवले आणि जोडण्यांपायी एक डेसिबल सोडला, तर ग्रहणाच्या टोकाला उणे ७६ डीबीएम, म्हणजे एका वॅटचा सुमारे चाळीस अब्जावा भाग पोचतो. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत उष्णतेमुळे होणारा नैसर्गिक गोंगाट आणि ग्रहणयंत्राची स्वतःची भर मिळून साधारण उणे ९५ डीबीएम होतात, तेव्हा संकेत गोंगाटाच्या वर १९ डेसिबल राहतो. सर्वाधिक वेगाच्या संकेतनपद्धतींना, म्हणजे एका ठोक्यात अनेक अंक बसवणाऱ्या रीतींना, याहून अधिक लागतात, तर अगदी साध्या पद्धतीला ८ डेसिबलच्या आसपास पुरतात. म्हणजे दुवा उभा राहतो, पण त्याच्याकडे ११ डेसिबलचीच शिल्लक असते. या शिलकेला ‘फेड मार्जिन’ म्हणतात, आणि पुढे येणारा प्रत्येक घटक याच शिलकेतून खातो. वाहिनीची रुंदी निम्मी केली की गोंगाट ३ डेसिबलने घटतो आणि शिल्लक तेवढीच वाढते. वेगाचा मोह सोडून रुंदी कमी करणे हा लांब दुव्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

आता वाटेकडे वळता येईल. डोळ्यांना समोरचा मनोरा दिसला म्हणजे लहरही पोचेल, हा समज अपुरा आहे, कारण लहर एका रेघेवरून जात नाही. दोन अँटेनांच्या मध्ये, टोकांकडे निमुळता आणि मध्यभागी फुगलेला, काकडीसारखा एक अवकाश लहरीला लागतो, ज्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. या अवकाशाच्या कडेवरून जाणारी लहर सरळ वाटेपेक्षा अर्ध्या तरंगलांबीने लांबची वाट चालते. नमुना-दुव्याच्या मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे २३ मीटर, तर २.४ गिगाहर्ट्झला ३५ मीटर भरते. त्यातला किमान ६० टक्के भाग मोकळा हवा, असा रूढ नियम आहे. दृष्टिरेषा एखाद्या धारदार कड्याला नुसती स्पर्शून गेली, म्हणजे डोळ्यांना पलीकडचे पूर्ण दिसत असले, तरीही ६ डेसिबल जातात. त्यात पृथ्वीच्या गोलाईची भर पडते. ४० किलोमीटरच्या मध्यावर, हवेतल्या नेहमीच्या वाकणाचा लाभ जमेस धरूनही, जमीन सरळ रेषेच्या मानाने २३ ते २४ मीटर वर आलेली असते. तो ६० टक्के भाग आणि ही गोलाई मिळून सपाट मुलखात मध्यावर ३७ मीटर मोकळीक लागते, शेताच्या बांधावरची आंब्या-बाभळीची उंची त्यावर वेगळी. सह्याद्रीचे माथे दळणवळणाला मोलाचे का, याचे उत्तर या आकड्यात आहे. त्या उंचीचा मनोरा सपाटीवर बांधायचा तर त्याचा खर्च दोन्ही टोकांच्या यंत्रांच्या कितीतरी पट होतो.

वरच्या हिशोबात ‘नेहमीचे वाकण’ हा शब्द आला, आणि दूर पल्ल्याच्या दुव्यांचे सर्वांत मोठे कोडे तिथेच आहे. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे लहरीला वळवण्याचा गुण, उंचीबरोबर हळूहळू कमी होतो, म्हणून लहर किंचित खाली वाकते आणि क्षितिजाच्या थोडी पलीकडे पोचते. सोयीसाठी पृथ्वीची त्रिज्या खऱ्याच्या चार-तृतीयांश पट धरून लहर सरळच जाते असे मानले जाते. पण चार-तृतीयांश ही सरासरी आहे. काही वेळा हवेची रचना अशी होते की लहर वर वाकते आणि प्रभावी त्रिज्या दोन-तृतीयांशापर्यंत घटते. त्या वेळी नमुना-दुव्याच्या मध्यावरचा उंचवटा २३ ऐवजी ४७ मीटर होतो आणि दुपारी मोकळी असलेली वाट जमिनीने अडवली जाते. उलट टोकाला, निरभ्र हिवाळी रात्री जमीन झपाट्याने थंड होऊन तिच्यालगत थंड हवेचा थर आणि वर उबदार हवा अशी उलटी रचना झाली, की लहर एकापेक्षा अधिक वाटांनी पोचते. त्या वाटा एकमेकींना छेद देतात आणि पहाटे संकेत वीस-तीस डेसिबलनेही कोसळू शकतो. सूर्य वर आला, हवा ढवळली गेली, की दुवा आपोआप सुधारतो, आणि दहा वाजता दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाला सगळे आलबेल दिसते. पहाटेची नोंद ठेवणारे साधन नसेल तर हा दोष कधीच सापडत नाही.

अपवर्तनांक उंचीबरोबर फारच वेगाने घटला तर लहर पृथ्वीच्या गोलाईइतकी वाकते आणि हवेच्या थरात नळीत सापडल्यासारखी क्षितिजापार जाते. या स्थितीला वाहिनीभवन किंवा ‘डक्टिंग’ म्हणतात. तिचे जगभर दाखल्यादाखल दिले जाणारे उदाहरण मुंबईचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत बसवलेल्या, सुमारे दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर उन्हाळ्यात हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत, आणि नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होऊन समुद्रावरची हवा ढवळली गेली की ते नाहीसे होत. रडारचालकाला हे आश्चर्य वाटले असेल, पण दुवा बांधणाऱ्यासाठी तो इशारा आहे, कारण ज्या नळीतून आपली लहर दूर जाते तिच्यातूनच शेकडो किलोमीटरवरच्या परक्या प्रक्षेपणाचा गोंगाटही आपल्याकडे येतो.

समुद्रावरून जाणाऱ्या दुव्यांचा प्रश्न हवेबरोबरच पाण्याचाही असतो. शांत पाणी सूक्ष्मलहरींना आरशासारखे असते, आणि थेट आलेली लहर व पाण्यावरून परावर्तित झालेली लहर ग्रहणाच्या टोकाला एकत्र येतात. दोन्ही जुळून आल्या तर संकेत वाढतो, उलट्या पडल्या तर एकमेकींना पुसून टाकतात. मुंबई आणि अलिबाग यांच्या दरम्यान असू शकेल असा २० किलोमीटरचा, दोन्ही अँटेना पाण्यापासून ६० मीटर उंच असलेला दुवा घेऊन ढोबळ हिशोब केला, तर दोन वाटांतला फरक ओहोटीच्या वेळी सुमारे ३६ सेंटिमीटर येतो. भरतीने पाणी ४ मीटर चढले की तोच फरक ३१ सेंटिमीटरांवर उतरतो. पाच सेंटिमीटरांचा हा बदल क्षुल्लक वाटेल, पण ५.८ गिगाहर्ट्झची संपूर्ण तरंगलांबी ५.२ सेंटिमीटरच आहे. म्हणजे ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत संकेत शिखरावरून दरीत आणि दरीतून पुन्हा शिखरावर जातो. दुवा दिवसातून ठरावीक वेळा मंदावतो आणि ती वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, अशी तक्रार आली तर यंत्र उघडण्याआधी भरती-ओहोटीचे कोष्टक उघडावे. उपाय दोन आहेत. एकाच मनोऱ्यावर वेगवेगळ्या उंचीवर दोन ग्राही डिश बसवल्या तर दोन्हीकडे एकाच वेळी दरी येण्याची शक्यता फार कमी होते. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. एक टोक मुद्दाम बरेच खाली आणि दुसरे उंच ठेवले की परावर्तनाचा बिंदू पाण्यावरून सरकून खालच्या टोकाजवळच्या खडबडीत जमिनीवर किंवा झाडीवर येतो आणि आरसा नाहीसा होतो.

पावसाविषयी दोन टोकाचे गैरसमज आढळतात. एकाच्या मते पाऊस आला की बिनतारी दुवा बंद पडणारच, तर दुसऱ्याच्या मते पावसाचा काही संबंध नाही. निर्णय वारंवारतेवर अवलंबून असतो. थेंबाचा आकार तरंगलांबीच्या जवळ येऊ लागला की लहर शोषली आणि विखुरली जाते, म्हणून साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर पाऊस हा प्रमुख शत्रू ठरतो. तासाला ५० मिलिमीटर वेगाच्या पावसात ५.८ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे अर्ध्या डेसिबलहूनही कमी घट होते, पण २३ गिगाहर्ट्झला ती ७ डेसिबलच्या घरात जाते, आणि ६० गिगाहर्ट्झला पाऊस नसतानाही हवेतला प्राणवायूच किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल शोषतो. (जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात प्रयोग केले ते याच मिलिमीटर लहरींवर.) महत्त्वाचे हे की दुव्याला वर्षभराचा एकूण पाऊस बाधत नाही, त्या क्षणीचा वेग बाधतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याची सरासरी तासाला ३९ मिलिमीटर निघते, पण पाऊस सरासरीने पडत नाही. दुवा तुटतो तो सरीच्या सर्वांत दाट मिनिटांत. पडताना थेंब चपटे होत असल्याने आडव्या ध्रुवणाची लहर, म्हणजे जिचे विद्युतक्षेत्र क्षितिजाला समांतर असते ती, उभ्या ध्रुवणाच्या लहरीपेक्षा जास्त झिजते. म्हणून पावसाळी मुलखात उच्च वारंवारतेवर उभे ध्रुवण निवडणे शहाणपणाचे असते.

५ गिगाहर्ट्झच्या दुव्यांना पावसाळा वेगळ्याच मार्गाने गाठतो, तो झाडीच्या. साग आणि सह्याद्रीतले इतर अनेक वृक्ष उन्हाळ्यात पाने गाळतात, आणि रस्ते कोरडे असल्याने सर्वेक्षण व उभारणी बहुधा त्याच दिवसांत होते. मे महिन्यात ज्या उघड्या फांद्यांमधून पलीकडचा मनोरा दिसत होता, तिथे ऑगस्टमध्ये ओल्या पानांची भिंत असते, आणि लहरीच्या दृष्टीने ओले पान म्हणजे पाण्याचाच पडदा. कमी वारंवारतेच्या, लांब तरंगलांबीच्या लहरी झाडीतून अधिक सुखरूप जातात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पालघर जिल्ह्यातील गावांमध्ये दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या पट्ट्यावर इंटरनेट पोचवण्याचे जे प्रयोग केले, त्यांचा आधार हाच होता. त्या पट्ट्यात वाहिन्या अरुंद आणि अँटेना मोठ्या असतात, पण डोंगर-झाडीच्या मुलखात हा सौदा परवडणारा आहे.

निसर्गाच्या बाहेरचे घटक थोडक्यात सांगता येतात, कारण ते समजायला सोपे आहेत, हाताळायला मात्र नाहीत. परवानामुक्त पट्टा सर्वांचा असल्याने डोंगरमाथ्यावरच्या अँटेनेला खालच्या शहरातली असंख्य यंत्रे एकाच वेळी ऐकू येतात. ग्रहण त्या टोकाला बिघडते आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. व्यत्यय नेहमी ग्रहणाच्या जागी मोजावा लागतो, तो याचमुळे. रेडिओ-शांततेची किंमत किती आहे हे नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरलहरी दुर्बिणीवरून कळते, जिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश अवकाशातले अतिक्षीण संकेत टिपतात आणि माणसांच्या प्रक्षेपणापासून त्यांना सतत जपावे लागते.

संकेत उत्तम असूनही दुवा रडतो, असेही घडते, आणि तेव्हा कारण संभाषणाच्या रीतीत असते. घरातल्या वाय-फायची ८०२.११ ही प्रणाली काही शे मीटरांसाठी बेतलेली आहे. माहितीचे प्रत्येक पाकीट पाठवल्यावर ती पोचपावतीची वाट मायक्रोसेकंदांच्या हिशोबाने बघते, आणि ४० किलोमीटर जाऊन येण्यासच २६७ मायक्रोसेकंद लागतात. पावती वाटेत असतानाच पाठवणारा ‘पोचले नाही’ असे समजून तेच पाकीट पुन्हा पाठवतो. ही मुदत वाढवता येते, किंवा दोन्ही टोकांनी आळीपाळीने बोलायचे असे वेळेचे वाटप करता येते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि बर्कली विद्यापीठात या दिशेने मोलाचे काम झाले. तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाला गावोगावच्या दृष्टिकेंद्रांशी जोडणारे दुवे त्याच कामाचे फळ होते आणि त्यांवरून डॉक्टर दूरच्या रुग्णांना तपासू लागले. २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी दोन पर्वतांदरम्यान ३८२ किलोमीटरवर वाय-फायचा दुवा जोडून दाखवला. त्यात वाट मोकळी आणि उंच होती, आणि रीत बदललेली होती. या दोन गोष्टी साधल्या की अंतर आड येत नाही.

अरविंदच्या दुव्यांवर काम करणाऱ्यांचा एक अनुभव ग्रामीण भारतासाठी विशेष बोलका आहे. यंत्रे खराब होण्यामागे रेडिओपेक्षा विजेचा निकृष्ट पुरवठा, म्हणजे दाबाचे उसळे, वारंवार खंड आणि अचानक बंद होणे, हे कारण ठळक निघाले. त्यात आपल्याकडे वीज कोसळणे, सदोष अर्थिंग, किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने गंजणाऱ्या जोडण्या आणि केबलीत शिरलेले पाणी यांची भर पडते. सहा अंशांच्या झोताची डिश वादळाने दोन-तीन अंश फिरली तर नट आवळण्यात केलेली हयगय महिनाभर भोवते.

या सर्व घटकांचे मोजमाप शेवटी उपलब्धतेच्या टक्क्यात केले जाते. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद आणि ९९.९९ टक्के म्हणजे ५३ मिनिटे बंद. हे तास वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. जुलैच्या सरींत, जानेवारीच्या पहाटेत आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते दाटून येतात, आणि दवाखान्याला किंवा आपत्ती-नियंत्रण कक्षाला दुव्याची गरजही नेमकी अशाच वेळी असते. म्हणून ग्रामपंचायत असो, रुग्णालय असो की शाळा, दूर पल्ल्याचा दुवा विकत घेणाऱ्याने मे महिन्यातल्या एका दुपारच्या चाचणीवर तो ताब्यात घेऊ नये. दर मिनिटाच्या संकेतपातळीची नोंद करारातच मागावी, आणि एक पूर्ण पावसाळा व एक पूर्ण हिवाळा त्या नोंदीत उतरल्यावरच अखेरचा हप्ता चुकता करावा.